घरी अभंग रेकॉर्ड करायचे आहेत. एबलटन, एफएल, क्यूबेस की रीपर?

तुमच्यासाठी रीपर. उत्तर आधीच देऊन टाकतो, पण त्यामागचं कारणही वाचा, कारण तुमच्या धाकट्या भावासाठी माझं उत्तर वेगळं आहे. एका घरात दोन सॉफ्टवेअर असायला काहीच हरकत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पेटीवर बसून अभंगांना चाली लावता, भाऊ तबला वाजवतो, भजनी मंडळातले दोघं-तिघं साथीला येतात. लॅपटॉप विंडोजचा आहे, ८ जीबी रॅमचा. भावाला गणपतीसाठी रिमिक्सही करायचे आहेत. आणि यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सॉफ्टवेअर सगळ्यात भारी म्हणून सांगतोय, त्यामुळे तुमचा गोंधळ झालाय.

मी घरातल्या एका खोलीत बरीच वर्षं भजनं, भावगीतं आणि अधूनमधून नाटकाचं पार्श्वसंगीत रेकॉर्ड करतोय. त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो: कुठल्या सॉफ्टवेअरचा आवाज चांगला, हा विचार डोक्यातून काढून टाका. माइक तोच, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) तोच, सेटिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट असेल, तर रेकॉर्ड झालेला आवाज रीपरमध्ये आणि क्यूबेसमध्ये सारखाच येतो. फरक पडतो तो तुमच्या हाताला. कुठलं काम एका बटणावर होतं आणि कुठल्यासाठी चार मेनू उघडावे लागतात, एवढाच. म्हणून आपलं गाणं सुरू कुठून होतं आणि दिवसभरात आपण कुठलं काम पुन्हापुन्हा करणार आहोत, ते बघून सॉफ्टवेअर निवडायचं.

प्रत्येक सॉफ्टवेअर कुणासाठी तरी जन्माला आलं आणि तो स्वभाव अजून त्याच्यात आहे. क्यूबेस १९८९ मध्ये अटारी एसटी या कॉम्प्युटरवर आलं तेव्हा त्यात ऑडिओ नव्हताच, फक्त मिडी होतं, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा याच्या सूचना. कीबोर्डवर बसून व्हायोलिन, चेलो, बासरी असा मोठा वाद्यमेळ रचणाऱ्याला ते आजही जवळचं वाटतं. प्रो टूल्स १९९१ मध्ये आलं ते टेपवर काम करणाऱ्या स्टुडिओंसाठी, आणि मुंबईत सिनेमाचं डबिंग-मिक्सिंग चालतं तिथे आजही बहुतेक तेच दिसतं. एफएल स्टुडिओ नव्वदच्या दशकाच्या अखेरीला फ्रूटीलूप्स या नावाने आलं, आणि त्याचा पाया म्हणजे ठोके भरायची चौकोनांची ओळ. एबलटन लाईव्ह २००१ मध्ये बर्लिनहून आलं, स्टेजवर उभं राहून छोटे छोटे तुकडे हवे तेव्हा सुरू-बंद करता यावेत म्हणून. लॉजिक २००२ मध्ये ॲपलने घेतलं आणि त्याची विंडोज आवृत्ती बंद केली, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर तो प्रश्नच नाही. रीपर या सगळ्यांनंतरचं, विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्राम बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचं. त्यात वाद्यांचे आवाज जवळपास नाहीतच. लांबलचक ऑडिओ ट्रॅक घ्यायचे, कापायचे, जोडायचे, हे काम मात्र ते जुन्या मशीनवरही सहज पेलतं.

आता तुमचं गाणं कुठून सुरू होतं? माणसांनी एकत्र बसून वाजवण्यातून. लूपमधून नाही, चौकोनातून नाही. इथेच निम्मा निर्णय झाला.

उरलेला निम्मा निर्णय लयीवर आहे, आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ त्यावर काहीच बोलत नाहीत. हे सगळं सॉफ्टवेअर उघडल्या उघडल्या एक ठरलेली लय धरून बसतं, बहुधा १२० ची, आणि पडद्यावर त्या लयीच्या उभ्या रेषा आखलेल्या असतात. तुमचा अभंग तसा चालत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, सुरुवातीला ठाय, मग चरणागणिक लय थोडी चढते आणि शेवटच्या गजराला ती पार पुढे गेलेली असते. हेडफोनमध्ये क्लिक लावून हे गायला लावलं की मंडळींचा जीव त्या टकटकीकडे लागतो आणि गाणं पडतं. म्हणून तुम्ही क्लिक बंद ठेवा. ग्रिडला चिकटायचं सेटिंग, म्हणजे स्नॅप, तेही बंद. पेटी, तबला, आवाज एकत्र घ्या, जसे देवळात बसता तसे बसून.

पण पुढे कधीतरी तुम्हाला त्यावर बास किंवा एखादा पॅड (मागे भरून राहणारा लांब सूर) भरावासा वाटेल, आणि तेव्हा सॉफ्टवेअरला तुमची लय समजावून सांगावी लागेल. रीपरमध्ये हे फार सुरेख होतं. आधी प्रोजेक्टचा टाइमबेस 'टाइम' वर ठेवा, म्हणजे लय बदलली तरी रेकॉर्ड केलेला ऑडिओ जागचा हलणार नाही. मग एका समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंतचा भाग निवडा आणि त्या निवडीवरून एक मेजर, म्हणजे दोन रेषांमधलं एक घर, बनवण्याची आज्ञा द्या. ती ॲक्शन लिस्टमध्ये आहे. रेषा तुमच्या समेवर येऊन बसते. असं आवर्तनामागून आवर्तन पुढे जायचं. काम चिकाटीचं आहे, पण ते झालं की रेषा तुमच्या मागे चालतात, तुम्ही रेषांच्या मागे नाही.

हेच काम आपोआप करणाऱ्या सोयी इतरांत आहेत. लॉजिकमध्ये स्मार्ट टेम्पो, क्यूबेसमध्ये टेम्पो डिटेक्शन, आणि लाईव्हमध्येही रेकॉर्ड केलेल्या क्लिपला लयीचा म्होरक्या करता येतं. पाश्चात्य ड्रम्सवर त्या छान चालतात. तबल्यावर त्या गडबडतात, कारण तबलजीने लग्गी (जलद बोलांचं वादन) सुरू केली की सॉफ्टवेअरला वाटतं लय दुप्पट झाली. रूपक तालात तर गंमत अशी की समेवरच खाली, म्हणजे डग्गा न वाजणारी जागा, आहे: 'तिं तिं ना', आणि डग्याचा जोर चौथ्या व सहाव्या मात्रेवर. मोठा ठोका शोधणाऱ्या यंत्राला सम तिथे सापडत नाही. तुमच्या कानाला ती एका क्षणात सापडते. म्हणून हे काम हाताने सोपं करून देणारं सॉफ्टवेअर तुमच्या उपयोगाचं, आणि याच कारणाने मी रीपरला वर धरतो.

दुसरं पुन्हापुन्हा करायचं काम म्हणजे टेक निवडणं. एक चरण चारदा गायलं, पहिल्यातली सुरुवात चांगली, तिसऱ्यातला शेवट. २०२३ मध्ये आलेल्या रीपर ७ पासून एकाच ट्रॅकवर टेकच्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात आणि हवा तो भाग माउसने ओढून निवडता येतो. लाईव्ह, लॉजिक, क्यूबेस यांतही ही सोय आहे. एक काळजी मात्र घ्या: क्लिकशिवाय गायलेल्या टेक एकमेकांच्या लयीत नसतात. त्यामुळे जोड द्यायचा तर तो सगळ्या वाद्यांचा एकत्र द्या, समेच्या आसपास, आणि गायकाने श्वास घेतलाय तिथे.

पेटीबद्दलही बोलायला हवं. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या मापावर नसतात, कधी थोड्या वर, कधी खाली. तुम्हाला ते जाणवत नाही, कारण गायक आणि तबला पेटीलाच मिळवलेले असतात. पण कॉम्प्युटरमधलं वाद्य त्यावर वाजवलं की लगेच खुपतं. फोनवरचं कुठलंही ट्यूनर ॲप उघडून पेटीचा मधला ए, म्हणजे पांढरी सहा, किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते बघा. लॉजिकमध्ये अख्ख्या प्रोजेक्टचं ट्यूनिंग एका ठिकाणी सरकवता येतं, आणि लाईव्ह १२ मध्ये तर वेगवेगळ्या स्वरमालिका भरता येतात. रीपरमध्ये प्रत्येक वाद्याच्या प्लगइनमध्ये (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) जाऊन फाइन ट्यून करावं लागतं. इथे रीपर मागे पडतं. पण तुमच्या अभंगात अशी वाद्यं एक-दोनच असणार, तेव्हा चालून जाईल. तानपुरा ॲपमधून घेणार असाल तर तोही आधी पेटीला मिळवून घ्या आणि मगच रेकॉर्ड करा.

आवाजाचे सूर दुरुस्त करायची सोय कुणाची चांगली, असंही तुम्ही विचारलंय. क्यूबेसच्या वरच्या आवृत्त्यांतलं व्हेरिऑडिओ आणि लॉजिकमधलं फ्लेक्स पिच ही दोन्ही चांगली आहेत. रीपरमधलं रीट्यून त्यामानाने साधं आहे. माझं मत असं की अभंगात याला शक्यतो हात लावू नये. मींड आणि कण हे दोन सुरांच्या मधल्या जागेत असतात, आणि दुरुस्ती करणारं यंत्र नेमकी तीच जागा पुसून टाकतं. ओळ पुन्हा गाऊन घ्या.

लॅपटॉपचं म्हणाल तर ८ जीबी रॅम तुम्हाला पुरेल, भावाला कधीकधी कमी पडेल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका मोनो ट्रॅकचा एक तास म्हणजे साधारण ५१८ एमबी, तेव्हा चार माइकवर तासभर बसलात तर दोन जीबी जागा लागते. त्याहून महत्त्वाचा आहे बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो. १०२४ सॅम्पलच्या बफरला एका दिशेनेच २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो, २५६ ला पाचच्या आसपास. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की तो लयीत मागे पडतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बफर कमी ठेवा, किंवा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट हेडफोनमध्ये ऐकणं) वापरा. मिक्स करताना बफर वाढवा. इंटरफेससोबत येणारा त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि विंडोज यांना जोडणारा प्रोग्राम) टाका. हे नीट नसेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर अडखळणार, आणि लोक दोष सॉफ्टवेअरला देतात.

आता पैसे. रीपर ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून बघता येतं, काही बंद केलेलं नसतं. नंतर घरगुती आणि छोट्या कामासाठीचा परवाना ६० डॉलरचा, आणि तो त्या आवृत्तीपासून पुढच्या मोठ्या आवृत्तीच्या शेवटापर्यंत चालतो. क्रॅक केलेलं काही टाकू नका. त्यातून लॅपटॉपमध्ये काय शिरेल याचा भरवसा नसतो, आणि ज्या दिवशी ते उघडेनासं होईल त्या दिवशी त्यातली सगळी प्रोजेक्टं अडकतील.

भावासाठी एफएल. त्याचं गाणं ठोक्यातून सुरू होतं, तो आधी पॅटर्न बसवणार, मग त्यावर आवाज टाकणार, आणि त्या कामात एफएलचा पियानो रोल (सूर आखायची जाळी) आणि स्टेप सीक्वेन्सर (ती चौकोनांची ओळ) यांच्याइतका हात दुसरीकडे चालत नाही. माझ्या ओळखीतली मिरवणुकीसाठी रिमिक्स करणारी बहुतेक मुलं तेच वापरतात, आणि हा फायदा लहान नाही. रात्री अकराला काही अडलं तर फोन करायला माणूस असतो. फक्त घेताना आवृत्ती बघा. सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीत ऑडिओ रेकॉर्डिंग नाही, त्यामुळे आवाज रेकॉर्ड करायचा तर किमान प्रोड्यूसर आवृत्ती लागते. एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट आहेत. फुकटच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडत नाही. त्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्रभराचं काम हातात राहणार नाही.

दोघांचं काम एकत्र करायचं असेल तर प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढा, सगळ्या शून्यापासून सुरू होणाऱ्या. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या एकाखाली एक ठेवल्या की बरोबर जुळतात. पुण्या-मुंबईच्या एखाद्या संयोजकाकडे किंवा मिक्सिंग करणाऱ्याकडे पाठवतानाही हेच करा. तुम्ही काय वापरता याने त्याला काही फरक पडत नाही. फाइलच्या नावात पट्टी आणि ताल लिहीत जा, 'काळी दोन, रूपक' असं. समोरच्याचा अर्धा तास वाचतो.

लाईव्ह मी तुम्हाला सुचवत नाही, पण उद्या स्टेजवर लॅपटॉप घेऊन लूपवर गायचा विचार असेल तर तेव्हा तेच घ्या. आणि रीपरमध्ये वाद्यं नाहीत याची फार चिंता करू नका. स्पिटफायरचं लॅब्स आणि डिसेंट सॅम्पलर ही दोन्ही फुकट मिळतात, सुरुवातीला तेवढं भरपूर आहे.

या ६० दिवसांत एकच करा: तुमचा बसलेला एक अभंग पहिल्या सुरापासून शेवटच्या वेव्ह फाइलपर्यंत पूर्ण करा. त्यात समेवर रेषा बसवणं, टेक जोडणं आणि भावाकडे फाइल पाठवणं ही तिन्ही कामं होऊ द्या. ज्या कामाशी हात अडखळेल ते इथे लिहा. आणि इंटरफेस किती इनपुटचा आहे तेही सांगा, कारण दायाँ (उजव्या हाताचा तबला), डग्गा, पेटी आणि आवाज यांना चार इनपुट लागतात. दोनच असतील तर माइक कसे लावायचे ते मला वेगळं सांगावं लागेल.