वाचक विचारतात : रहस्यकथा साहित्य का नाही?

प्रश्न : मी रहस्यकथा लिहिते, काही मासिकांत छापूनही आल्यात. आमच्या वाचन गटातले एक ज्येष्ठ सर म्हणाले की हे मनोरंजन झालं, साहित्य वेगळं. तेव्हापासून लिहायला बसलं की हात थांबतो. साहित्य नेमकं कशाला म्हणायचं आणि हे ठरवतं कोण?

उत्तर : आधी एक सांगा, सरांनी तुमची कथा वाचली होती का? कारण नुसत्या प्रकारावरून हा निकाल देता येत नाही. रशियन लेखक दस्तयेवस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' या कादंबरीत (१८६६) खून आहे, तपास आहे, आणि खुनी कोण ते तर पहिल्या भागातच कळतं, तरी पुढची शेकडो पानं सोडवत नाहीत कारण त्या खुनी पोराच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला वाचायचं असतं. नोबेलचंच बघा ना, १९०२ मधे साहित्याचं नोबेल मॉमसेन या जर्मन इतिहासकाराला मिळालं ते रोमच्या इतिहासासाठी, १९५३ ला चर्चिलना मिळालं त्यात त्यांच्या भाषणांचाही उल्लेख होता, २०१६ ला बॉब डिलनला गाण्यांसाठी. आणि आपलं लीळाचरित्र? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी माणसांना विचारून विचारून गोळा केल्या, त्या जपून ठेवायच्या म्हणून, कथा कादंबरी लिहायची म्हणून नाही, आणि आज मराठी गद्याची सुरुवात सांगताना आपण तिथूनच सांगतो. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता वाचता येत नव्हतं, त्या गेल्यावर १९५२ मधे त्यांची गाणी पुस्तकात आली, पण म्हणून ती त्या दिवसापासून साहित्य झाली असं कोण म्हणेल?

मग कशावरून ठरतं? मला जे पटतं ते सांगते. बातमी, नोटीस, रिपोर्ट यातली माहिती कळली की ते शब्द गेले तरी चालतात, दुसऱ्या शब्दांत सांगितलं तरी काम होतं. साहित्यात तसं होत नाही, शब्द बदलले की जे सांगायचं होतं तेच निसटतं. 'ते लोक फार गरीब होते' हे वाक्य घ्या, कळलं आणि संपलं. आता हे बघा, 'पाहुणे आले की ती आधी आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायची आणि मगच पुढचं दार उघडायची.' इथे गरीब हा शब्दच नाही, पण आतल्या खोलीत काय नसेल, ते दिसलं तर तिला काय वाटेल, हे सगळं वाचणारा स्वतःच भरत जातो. आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने नवव्या शतकात ध्वनी म्हणून जे मांडलं ते मला तरी असंच समजलंय, की सांगितलेल्याच्या पलीकडचं जे ऐकू येतं तिथे काव्य असतं. आणि यासाठी जड शब्द, अलंकार लागतातच असंही नाही बरं का. अकराव्या शतकातल्या मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने काव्याची व्याख्या करतानाच म्हटलंय की कधीकधी अलंकार नसले तरी चालतं. पल्लेदार भाषा म्हणजे साहित्य हा गैरसमज मला फार त्रास देतो, त्यापायी चांगली लिहिणारी माणसं उगाच फुलवून लिहायला लागतात.

ठरवतं कोण, याचं उत्तर तेवढं सुखाचं नाही. खूप काळ ठरवणारे थोडेच होते आणि ते एकाच थरातले होते. १८८५ मधे ग्रंथकार सभेचं, म्हणजे मराठी लेखकांच्या संमेलनाचं, आमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं आणि पत्र लिहून कळवलं की या वरच्या थरातल्या लोकांच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्याशी मेळ बसत नाही. पुढे दलित आत्मकथनं आली तेव्हाही हे साहित्य की नुसती हकीकत असे वाद झालेच. आज ती सगळीकडे अभ्यासाला आहेत. त्यामुळे एका पिढीचा नकार मी शेवटचा धरत नाही, आणि एका सरांचा तर नाहीच.

तुमच्या कथेचं म्हणाल तर एक करून बघा, खुनी कोण ते आधीच सांगून कोणाला तरी ती वाचायला द्या. तरीही आवडली, एखादं पात्र लक्षात राहिलं, तर तिच्यात कोड्यापेक्षा जास्त काहीतरी आहे. नाही आवडली तर बहुतेक पात्रं फक्त कोडं पुढे ढकलायला आलीयत, त्यांच्यावर काम करा. रहस्य काढून टाकायची काही गरज नाही.

प्रश्न : वडिलांच्या डायऱ्या सापडल्या. बराचसा हिशोब, मधेमधे चार ओळी मनातलं. हे साहित्य म्हणून छापावं का?

उत्तर : छापायचं नंतर बघू, आधी सगळ्या नीट वाचून काढा. आणि हिशोब गाळू नका हं, खर्चाच्या आकड्यांच्या मधेच अचानक त्या चार ओळी येतात म्हणून त्यांना वजन असेल, वेगळ्या काढल्या तर त्या साध्या सुविचारासारख्या वाटतील. भाषा सुधारायची तर अजिबात नाही. परक्या माणसाला, ज्याने त्यांना कधी पाहिलं नाही, दहा बारा पानं द्या आणि तो पुढची मागतो का बघा.