वीझल वायर 150 अँपिअर सोसते, मग पंप सुरू झाले की तारा का लोंबतात?

पलूसकडच्या तुमच्या शिवारातली एलटी लाइन (ट्रान्सफॉर्मरपासून पंपांपर्यंतची 415 व्होल्टची) वीझल वायरची, म्हणजे मधे स्टील आणि भोवती ॲल्युमिनियम असलेल्या तारेची आहे, एप्रिलच्या दुपारी तारा उसाजवळ येतात, तर वायर वितळेल का, असं तुम्ही विचारलंय. वितळणार नाही, ॲल्युमिनियमला त्यासाठी 660 अंश लागतात. पण धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

150 हा आकडा हवा 40 अंश आणि तार 75 अंश धरून काढलेला आहे. हवा 45 वर गेली की तो 139 च्या आसपास येतो. त्यात मंद वाराही धरलेला असतो, वारा पडला की क्षमता आणखी घटते. तार बराच वेळ 100 अंशांच्या पुढे तापली तर ॲल्युमिनियम मऊ पडतं, आणि गेलेली ताकद थंड झाल्यावर परत येत नाही.

झोळाचं, म्हणजे तार मधोमध किती खाली लोंबते त्याचं, गणित बघा. दोन पोलांत 60 मीटर अंतर आणि झोळ 60 सेंटिमीटर असेल, तर तार 30 अंशांनी तापल्यावर लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर वाढते, झोळ मात्र 95 सेंटिमीटरच्या आसपास जातो. अशा सैल तारा वाऱ्याने एकमेकींना लागल्या की ठिणग्या खाली पडतात आणि वाळलेलं पाचट पेटतं. तारा ओढून घेणं, मधे पोल घालणं आणि स्पेसर (तारा एकमेकींपासून लांब ठेवणारे तुकडे) बसवणं, हे उपाय वीज कंपनीकडून करून घ्या. शेतात एलटी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटर हवी. ती काठी किंवा शिडी लावून मोजू नका.

खरं तर तुमच्या लाइनवर तारेआधी व्होल्टेज हात टेकतं. वीझलचा रोध किलोमीटरला 0.91 ओहम. 500 मीटरच्या टोकाला 100 अँपिअर ओढले तर 415 मधले 80-90 व्होल्ट वाटेतच जातात. शिवाय 100 केव्हीएच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, पूर्ण लोडच 133 अँपिअर. 5 एचपीचे 18 पंप एकदम चालले की तो भरला. पंपांना ऑटो (वीज आली की पंप आपोआप सुरू करणारे स्विच) लावलेले असतील तर वीज येताच सगळे एकदम उठतात, म्हणून ऑटोला मागेपुढे वेळ लावा. 5 एचपीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला की करंट साधारण 15 टक्के उतरतो. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही, तरी बऱ्याच स्टार्टर पेट्यांत तो काढून टाकलेला असतो.

तार तुटते ती बहुधा जोडावर. नुसता पिळा मारलेला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा), सैल क्लॅम्प, ॲल्युमिनियमला थेट बांधलेलं तांबं: तिथे रोध वाढतो, 100 अँपिअरलाही जोड लाल होतो. रात्री पंप चालू असताना लांबूनच पोलाकडे बघा. जोड चमकताना दिसला तर वायरमनला कळवा आणि सप्लाय बंद करूनच पीजी क्लॅम्प (दोन तारा बोल्टने घट्ट आवळणारा) बसवून घ्या.