तक्त्यात राहिलेला रकाना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

एमबीए कुठून करायचे हे ठरवण्यासाठी तू पाठवलेला तक्ता काळजीपूर्वक पाहिला. सर्वांत वर पुण्याचे खासगी महाविद्यालय, त्याखाली नव्या आयआयएमपैकी एक, आणि शेवटच्या ओळीत, केवळ राहून जाऊ नये म्हणून लिहिल्यासारखे, आपल्या इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाची व्यवस्थापन संस्था, आयएमएस. फी, वसतिगृह, सरासरी पॅकेज, परतफेडीचा काळ असे रकाने तू नीट आखले आहेस. सुपर कॉरिडॉरवरची नोकरी करून रात्री उशिरा घरी आल्यावर तू हे केलेस, याचे मला खरोखर कौतुक आहे. परंतु या तक्त्यात एक रकाना नाही, आणि तो नसल्यामुळे उरलेल्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. तू गेलीच नाहीस तर अडीच वर्षांनी तुझ्या हातात काय असेल, हा तो रकाना.

तू हिशेब असा मांडला आहेस: आज हातात ५५,००० रुपये येतात, एमबीएनंतर ८८,००० येतील, म्हणजे दरमहा ३३,००० रुपयांचा फायदा. हे चूक आहे. अडीच वर्षांनंतरच्या पगाराची तुलना आजच्या पगाराशी होऊच शकत नाही. तू याच नोकरीत राहिलीस, दोन पगारवाढी मिळाल्या किंवा एकदा कंपनी बदलली, तर त्या वेळी तुझ्या हातात ६८,००० तरी येत असतील. मग फायदा ३३,००० नव्हे, २०,००० रुपयांचा उरतो. न गेल्यास काय, हा प्रश्न विचारल्याबरोबर तुझ्या तक्त्यातला एकतृतीयांशाहून अधिक फायदा नाहीसा झाला, आणि अजून आपण कर्जाकडे वळलेलोही नाही.

आता कर्ज पाहू. या विषयात मी बँकेत आयुष्य घालवले आहे, तेव्हा माझे ऐक. पुण्याची फी तू २२ लाख धरली आहेस. पहिल्या वर्षी ११ आणि दुसऱ्या वर्षी ११ लाख उचललेस आणि व्याजदर १० टक्के धरला, तर अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि पुढचे सहा महिने हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजाने पहिल्या ११ लाखांवर २ लाख ७५ हजार, दुसऱ्या ११ लाखांवर १ लाख ६५ हजार, म्हणजे हप्ते सुरू होण्याच्या दिवशी तुझ्या नावावर २६ लाख ४० हजार रुपये असतील. दहा वर्षांची मुदत घेतलीस तर मासिक हप्ता सुमारे ३४,९०० रुपये पडेल. वाढीव २०,००० रुपयांतून ३४,९०० रुपयांचा हप्ता कसा जाणार, ते तूच सांग. शिवाय दोन वर्षांत न मिळालेला जवळपास १४ लाखांचा पगार तू खर्चात धरलेलाच नाहीस. तो कोणी तुझ्याकडे मागायला येत नाही, म्हणून तो खर्च नाही असे होत नाही.

व्याजावरची करसवलत तू जमेस धरली आहेस. ती वजावट केवळ व्याजावर मिळते, जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला मिळतच नाही. तू पगाराचे गणित नव्या प्रणालीने केले आहेस आणि सवलत जुन्या प्रणालीतली घेतली आहेस. दोन्हींपैकी एकच ठेव.

महाविद्यालयाच्या पुस्तिकेतल्या ‘सरासरी पॅकेज’वर मुले अजूनही विसंबून राहतात, याचा मला मनापासून राग येतो. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना १२ लाख आणि एकाला ६० लाख मिळाले, तर सरासरी १६ लाख ८० हजार येते, जी त्या दहांपैकी कोणाच्याही पदरात पडलेली नसते. मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १२ लाखच राहतो. तू मध्यक विचार, सर्वांत खालच्या चौथ्या हिश्शातल्या मुलांना काय मिळाले ते विचार, आणि प्लेसमेंटला किती जण बसले व किती जण यादीतून आधीच वगळले गेले तेही विचार. अहमदाबादच्या आयआयएमच्या पुढाकाराने तयार झालेल्या मानकांनुसार प्लेसमेंटचा अहवाल काढून तो लेखापरीक्षकाकडून तपासून घेणाऱ्या संस्था आहेत. तुझी संस्था तसे करत नसेल तर का करत नाही, हे स्पष्ट शब्दांत विचारायला संकोच करू नकोस, कारण फी तू भरणार आहेस. पॅकेजच्या आकड्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, हे सगळे मिसळलेले असते. हप्ता मात्र हातात आलेल्या पगारातूनच जातो.

मी फक्त फी कमी असलेली संस्था निवड असे सांगतो आहे, असा अर्थ काढू नकोस. दिल्लीच्या एफएमएसची दोन वर्षांची फी दोन-अडीच लाखांच्या घरात आहे, मुंबईच्या जमनालाल बजाजची सहा लाखांच्या आसपास आहे, आणि दोन्हींकडे देशभरातल्या उत्तम कंपन्या येतात. अशा जागी तुला प्रवेश मिळाला असता तर हे पत्र दोन ओळींचे झाले असते. अहमदाबादची फी २५ लाखांच्या वर असूनही तिथे जाणाऱ्याला मी अडवणार नाही, आणि आपल्या राऊजवळच्या टेकडीवरच्या आयआयएमलाही नाही, कारण तिथून निघालेल्यांचा पगार पुढच्या दहा वर्षांत ज्या वेगाने वाढतो, तो वेग ‘न गेल्यास’च्या रकान्यात सहसा दिसत नाही. तुझ्यासमोरच्या पुण्याच्या महाविद्यालयाबाबत तसा पुरावा मला दिसला नाही. नव्या आयआयएमबाबत थोडाफार दिसतो, पण तिथेही शिक्का आयआयएमचा असला तरी मध्यक तिथलाच पाहायचा, अहमदाबादचा नव्हे.

तू लिहिले आहेस की पैशांपेक्षा तुला काम बदलायचे आहे, सॉफ्टवेअरच्या चाचण्या करून तू कंटाळली आहेस आणि उत्पादन कसे असावे हे ठरवणाऱ्यांत तुला बसायचे आहे. हे कारण मला पटते, कदाचित तुझ्या तक्त्यापेक्षा अधिक पटते. परंतु इथेही तोच प्रश्न. न गेल्यास हे होणारच नाही का? कंपनीतल्या प्रॉडक्ट विभागात बदली तू मागितलीस का? दुसरीकडे तशा जागेसाठी अर्ज केलेस का? ते न करता २२ लाखांचे कर्ज काढणे म्हणजे दार ढकलून न पाहताच भिंत फोडायला निघणे आहे. सहा महिने मनापासून प्रयत्न कर. नकार आलेच तर तेही त्या रकान्यात लिही, कारण मग ‘न गेल्यास’ची बाजू खरोखरच हलकी आहे हे सिद्ध होईल आणि मी पहिला तुझ्या बाजूने उभा राहीन.

मी या एका प्रश्नाला एवढा चिकटून का आहे, ते सांगतो. मलाही तुझ्या वयात मुंबईच्या एका संस्थेचे बोलावणे आले होते. वडील गिरणीत होते, आणि इंदूरच्या गिरण्यांची अवस्था तेव्हा कोणापासून लपलेली नव्हती. बँकेची नोकरी हातात होती, मागे दोन बहिणी होत्या. मी गेलो नाही. देवास, खरगोन अशा बदल्या घेतल्या, बँकेच्या परीक्षा दिल्या, आणि माझ्याबरोबर बोलावणे आलेला मित्र मुंबईत मोठ्या पदावर पोहोचलेला पाहिला. त्याच्या पगाराचे मला कधी फारसे वाटले नाही. पण देशभरातल्या हुशार मुलांबरोबर एका वर्गात बसून रात्र-रात्र वाद घालणे माझ्या वाट्याला आले नाही, याची हुरहुर अजून आहे, ती मी नाकारणार नाही. तरीही आज ते पत्र पुन्हा हातात आले तर मी तेच करीन. माझ्या ‘न गेल्यास’च्या रकान्यात दोन बहिणींची शिक्षणे होती, वडिलांची गिरणी बंद पडल्यावरही चाललेले घर होते. ती बाजू जड होती, आणि मी ती भावनेच्या भरात नव्हे, वहीत मांडून पाहिली होती. घाबरून राहिलो, असे कोणी म्हटले की मला ते सहन होत नाही.

तुझी गोष्ट वेगळी आहे, तुझ्यामागे तसा भार नाही. पण तुझे बाबा आहेत. या रकमेला बँक बहुधा तारण मागेल, आणि ते सहकर्जदार म्हणून सही करतील. शाखेत कर्जाच्या टेबलावर बसून मी अशा कितीतरी वडिलांना पाहिले आहे. घराची मूळ रजिस्ट्री प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढायची, एकेक पान उलटून सगळी आहेत ना ते पाहायचे, पुढे सरकवायची आणि मग हलक्या आवाजात विचारायचे, “साहेब, पोच मिळेल ना?” मुलगा किंवा मुलगी शेजारी बसून मोबाइलमध्ये वसतिगृहाची छायाचित्रे पाहत असे. त्या मुलांना मी दोष देत नाही, त्यांना कोणी प्रश्न विचारायला शिकवलेच नव्हते. तुला मी विचारतो आहे.

आयएमएसची ओळ शेवटी टाकू नकोस. १९६९ पासून चालत आलेली संस्था आहे, फी तुझ्या इतर दोन पर्यायांच्या तुलनेत अगदी थोडी आहे, आणि घरी राहून शिकता येईल. तिथला मध्यक कमी असेल हे मान्य. पण हप्त्याविना मिळालेले ६५,००० आणि ३४,९०० रुपयांच्या हप्त्यासह मिळालेले ८८,००० यांची वजाबाकी एकदा करून पाहा.

पुण्याचा प्रवेश निश्चित करण्याची रक्कम भरायला तुला अजून नऊ दिवस आहेत असे तू म्हणतेस. त्याआधी तिन्ही ओळींसमोर तो रकाना भर: न गेल्यास अडीच वर्षांनी आणि न गेल्यास सात वर्षांनी. आकडे अंदाजे असले तरी चालतील, पण ते तुझ्या कंपनीतल्या पाच वर्षे पुढे असलेल्या दोघा-तिघांना विचारून लिही, मनाने नको. प्रॉडक्ट विभागाच्या प्रमुखांना बदलीसाठी उद्याच मेल पाठव. नवा तक्ता आधी बाबांना दाखव आणि रविवारी सकाळी दोघेही घरी या. नव्या आयआयएमचा प्लेसमेंट अहवालही घेऊन ये, त्यातली तळटीप मला तुझ्यासमोर वाचायची आहे.

तुझा,
काका