नवं काही लक्षात राहत नाही, हा आजार तर नाही?

‘वर्गात शिकवलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही ना?’ निवृत्तीनंतर एखादा वर्ग लावलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांपैकी एकांचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका ६८ वर्षांचे. सगळी नोकरी हिशेबात गेलेली. गझलेचं वेड जुनं, म्हणून उर्दू लिपीचा वर्ग लावला. वर्गात बाकी सगळे पंचविशी-तिशीतले. एकदा फळ्यावरचा शब्द वाचताना काका अडले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच उत्तर सांगितलं. काकांनी वर्ग सोडला. माझ्याकडे आले ते मेंदूची तपासणी करून घ्यावी का, हे विचारायला.

मी आधी वर्गाचा विषयच काढला नाही. घरचे व्यवहार कोण बघतं? नेहमीच्या रस्त्यावर चुकायला होतं का? झोप कशी आहे, गोळ्या कोणत्या चालू आहेत? काकूंशी वेगळं बोलले, कारण विसरणाऱ्याला स्वतःचं विसरणं नेहमी कळतंच असं नाही. ‘तेच ते पुन्हा विचारतात का?’ ‘छे हो, उलट माझीच औषधं तेच लक्षात ठेवतात,’ काकू म्हणाल्या. उत्तरं वेगळी आली असती तर मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं असतं. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा त्रास, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या, यांनीही विसरायला होतं आणि त्यावर उपचार असतात. भीतीपोटी तपासणी टाळणं मला मुळीच पटत नाही.

मग वर्गाकडे वळलो. बे, पे, ते, से या अक्षरांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. काका बसायचे शेवटच्या रांगेत, ‘उगाच तरुणांच्या मध्ये कशाला’ म्हणून. फळ्यावरचे नुक्ते तिथून दिसणार कसे? शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलायचे. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘फ’, ‘त’ असे वर्ण निसटतात आणि आवाज येतो पण शब्द कळत नाही, असं होतं. जे डोळ्यांपर्यंत, कानांपर्यंत नीट पोहोचलंच नाही, ते आठवणार कुठून! कानांची तपासणी केली, तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. चष्म्याचा नंबरही जुना निघाला.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. काका रात्री दोन तास वही वाचायचे. ‘घरी सगळं येतं, वर्गात उडून जातं,’ ही त्यांची मुख्य तक्रार. यात वयाचा दोष कमी आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना ओळखीचं वाटतं आणि आपण त्यालाच ‘येतं’ म्हणतो. मी काकांना सांगितलं, वही मिटा, आठवेल तेवढं लिहा, मग ताडून बघा. पंधरा-वीस मिनिटं पुरे, पण दिवसाआड. वय वाढतं तसा नवं पकडण्याचा वेग मंदावतो, हे खरं आहे आणि ते मी लपवलं नाही. तरुणांना एकदा पुरतं तिथे तीनदा लागेल.

उरली लाज. तिच्यावर माझ्याकडे गोळी नव्हती. शिक्षकांशी काकांनी स्वतःच बोलावं असं ठरलं: पुढची जागा, मोठ्या अक्षरांचे कागद, आणि अचानक उभं करायचं नाही. शिक्षक लगेच तयार झाले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काका पुढच्या तुकडीत पुन्हा बसले. परीक्षेचा अर्ज आला तेव्हा मात्र फोन केला, ‘भरायलाच हवा का?’ १९७३मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे ज्येष्ठांसाठी पहिलं ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू झालं. पुढे ब्रिटनमध्ये ही कल्पना रुजली ती परीक्षा आणि पदव्या वगळूनच. तिथे सभासदच एकमेकांना शिकवतात. हे सांगून मी विचारलं, ‘तुम्हाला प्रमाणपत्र हवंय का?’

‘मला गालिब वाचायचाय,’ काका म्हणाले. अर्ज भरला नाही.