एसजीपीए ७.२ आला, म्हणजे ७२ टक्केच ना? घरी काय सांगू?

तसं नाही बाप्पा! एसजीपीए म्हणजे एका सत्रातल्या ग्रेडची सरासरी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १० गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, अशी उतरंड पी म्हणजे ४ पर्यंत, एफ शून्य. प्रत्येक विषयाच्या ग्रेडच्या गुणांना त्याच्या क्रेडिटनं, म्हणजे त्या विषयाला दिलेल्या वजनानं, गुणायचं, बेरजेला एकूण क्रेडिटनं भागायचं. समजा, ४ क्रेडिटच्या विषयात ए आणि २ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला ओ: ३२ अधिक २० म्हणजे ५२, भागिले ६, एसजीपीए ८.६७. साधी सरासरी ९ आली असती. कापूस तोलून विकतो आपण, गाठोडी मोजून नाही, तसंच हे. म्हणून जास्त क्रेडिटचा पेपर आधी सांभाळ. टक्क्यांचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं, बहुधा मार्कशीटच्या मागं छापलेलं असतं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तेच वापर. घरी सध्या ‘पास झालो’ एवढंच सांग.