१९७८ची प्रीमियर पद्मिनी रोज ऑफिसला नेण्यासाठी दुरुस्त करायची आहे. सुरुवात इंजिनापासून करावी की रंगापासून?

दोन्हींपासून नाही: सुरुवात ब्रेकपासून करावी, त्यानंतर पेट्रोलच्या नळ्या आणि रेडिएटर पाहावा, आणि डेंटिंग-पेंटिंग सर्वांत शेवटी ठेवावे. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असल्याने, अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीतील मास्टर सिलिंडर व व्हील सिलिंडर (पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारे भाग) आतून गंजलेले असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून त्यांचे रबर आणि ब्रेकचे होज दिसायला चांगले असले तरी बदलावेत, आणि ऑइल दर दोन वर्षांनी नवे भरावे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्याला टिकत नाही. तेव्हा पेट्रोलच्या रबरी नळ्या, गाडीतील पेट्रोल-पंपाचा पडदा व कार्बोरेटरची गॅस्केटे (सांधे बंद ठेवणाऱ्या चकत्या) इथेनॉल सोसणारीच बसवावीत, कारण तापलेल्या इंजिनाजवळची गळती म्हणजे आगीचा धोका. रेडिएटर आतून साफ करून घ्यावा आणि नुसत्या पाण्याऐवजी कूलंट वापरावे. इंजिन उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे त्याच्या सिलिंडरांमधील दाब, तपासून घ्यावे. चारही सिलिंडरांचे आकडे पुरेसे आणि जवळपास सारखे असतील, तर इंजिनाला हात न लावणेच बरे.

मात्र गाडी पन्नास वर्षांची होईल तेव्हा तिची ‘व्हिंटेज’ नोंदणी करू नये: २०२१च्या नियमांनुसार अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नेहमीची नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागेल.