वाचक विचारतात: फौजी आजोबांच्या आठवणी

प्रश्न: आमच्या भावकीतले आजोबा पहिल्या मराठा पलटणीतून १९७१ ची लढाई लढले. त्यांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: आधी डिस्चार्ज बुकाच्या (फौजेतून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोंदवहीच्या) प्रत्येक पानाचा फोटो घ्या, भरती, पलटण, पदकं त्यात सापडतात. पदकाच्या कडेवर कोरलेला नंबरही टिपा.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद. बैठक पाऊण तासाचीच.

“लढाई कशी झाली?” विचारलंत तर ऐकीव इतिहास मिळेल. त्याऐवजी विचारा: पाठीवर काय होतं, भिजलेले बूट कुठे वाळवले, बेळगावहून पत्र आलं तर वाचून कोण दाखवायचं? खरी लढाई तिथेच असते.

तारखा चुकतात, १९६५ आणि १९७१ एकमेकांत मिसळतात. मध्येच टोकू नका, आजोबा गप्प होतील! बोलणं जसंच्या तसं उतरवा, कानडी-हिंदी शब्दांसकट, दुरुस्ती तळटीपेत. पडताळणीला खुणा: १९७१ चं युद्ध ३ ते १६ डिसेंबर, पहिली मराठा जिथे लढली ते जमालपूर (आताच्या बांगलादेशातलं) पडलं ११ डिसेंबरला.

लढाईत कामी आलेल्या साथीदाराचं नाव मात्र विचारल्याशिवाय छापू नका.